उजेडात काळोख राखणारा पडदा

नायक मोटार चालवतो आहे, शेजारी नायिका बसली आहे आणि मागच्या काचेतून रस्ता, झाडे, माणसे मागे पळत आहेत. जुन्या चित्रपटांत हे दृश्य आपण असंख्य वेळा पाहिले आहे. मोटार जागची हललेली नसते. स्टुडिओच्या जमिनीवर अर्धी कापलेली गाडी उभी असते, खालून फळी लावून कुणीतरी तिला हलके धक्के देत असते, आणि गाडीमागे काही फुटांवर एक मोठा अर्धपारदर्शक पडदा ताणलेला असतो. पडद्याच्या पलीकडे प्रोजेक्टर आणि अलीकडे कॅमेरा. आधी कधीतरी रस्त्यावर जाऊन टिपलेली फिल्म पलीकडून पडद्यावर पडते आणि कॅमेरा नटांना व पडद्याला एकाच वेळी टिपतो. आपल्याकडच्या स्टुडिओंत याला सरळ ‘बॅक प्रोजेक्शन’ म्हणतात. हॉलिवूडमध्ये ‘प्रोसेस’ आणि ‘ट्रान्स्परन्सी’ ही नावे रूढ होती, आणि मागे दाखवायच्या फिल्मला ‘प्लेट’ म्हणत.

ऐकायला सोपी वाटणारी ही युक्ती साधण्यासाठी कल्पक तंत्रज्ञांनी दशकेच्या दशके खर्ची घातली. कारण तिच्या मुळाशी एक अवघड भांडण आहे. नटाच्या चेहऱ्याला भरपूर उजेड लागतो आणि पडद्याला अंधार लागतो. दोघे एकाच चौकटीत, एकमेकांपासून चार-सहा हातांवर असतात.

पडद्याला अंधार का लागतो हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. प्रोजेक्टर पांढरा प्रकाश फेकू शकतो, लाल, निळा, पिवळा फेकू शकतो. काळा रंग फेकणारा प्रोजेक्टर मात्र कुणालाही बनवता येणार नाही. चित्रात जिथे काळे असायला हवे, तिथे प्रोजेक्टर फक्त प्रकाश पाठवत नाही. तिथे दिसतो तो पडद्याचा स्वतःचा रंग, आणि स्टुडिओतला जो काही उजेड त्या वेळी पडद्यावर सांडला असेल तो. दिवे लागलेल्या खोलीत पांढरा पडदा पांढराच दिसतो. मग चित्रातली रात्र राखाडी होते, झाडाची सावली धुक्यासारखी होते आणि प्रेक्षकाच्या मनात, कारण न कळताच, ‘हे खोटे आहे’ अशी पाल चुकचुकते.

थोडा हिशेब करू. समजा पडदा 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे, म्हणजे 12 चौरस मीटर. त्यावर 10,000 ल्यूमेनचा प्रोजेक्टर लावला तर दर चौरस मीटरला सुमारे 833 ल्यूमेन मिळतात. पडदा हा प्रकाश सगळीकडे सारखा पसरवतो असे धरले, तर पांढऱ्या भागाची तेजस्विता सुमारे 265 निट भरते. नटावर 1,000 लक्सचा उजेड असेल तर त्याचा पांढरा सदरा साधारण तेवढाच उजळ दिसेल, म्हणजे इथवर जमले. आता त्या उजेडातला फक्त दहावा हिस्सा, 100 लक्स, पडद्यावर सांडला आणि पडदा त्यातला 30 टक्के परत फेकत असेल, तर पडद्याच्या ‘काळ्या’ भागाला साडेनऊ निटांचा उजेड मिळतो. पांढऱ्या-काळ्यातले गुणोत्तर झाले 29 ला 1. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकावर हजारास एक लिहिलेले असो की दहा हजारास एक, या स्टुडिओत ते 29 च राहणार. प्रोजेक्टर दुप्पट ताकदीचा आणला तर गुणोत्तर जेमतेम दुप्पट होते आणि खर्च मात्र बराच वाढतो. सांडणारा उजेड 100 लक्सवरून 20 वर आणला, तर तेच गुणोत्तर जवळजवळ पाचपट होते आणि त्यासाठी काही काळी कापडे आणि थोडा संयम लागतो.

म्हणून मला वाटते की बॅक प्रोजेक्शनचा इतिहास हा अधिकाधिक प्रखर दिव्यांचा इतिहास म्हणून वाचणे अपुरे आहे. प्रखर दिवे आले हे खरेच, पण कसब लागले ते काळोख जपायला.

या तंत्राने जोर धरला तो बोलपटाच्या आगमनानंतर, आणि त्याला दोन कारणे होती. पहिले उघड आहे. रस्त्यावरच्या गोंगाटात संवाद नोंदवणे अशक्य झाले, म्हणून रस्ताच स्टुडिओत आणावा लागला. दुसरे कारण जास्त मनोरंजक आहे. प्रोजेक्टरची झडप क्षणभर बंद होते आणि फिल्म एक चौकट पुढे सरकते. कॅमेऱ्याचेही तसेच असते. दोन्ही झडपा एकाच क्षणी उघडल्या नाहीत, तर कॅमेऱ्याला पडद्यावर चित्राऐवजी अंधार किंवा लुकलुक दिसते. चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी बोलपटाने एकमेकांशी विजेने जखडलेल्या मोटारी बनवल्या होत्या. त्याच मोटारी आता कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांना एका तालात चालवू लागल्या. त्याच सुमारास सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी, अधिक संवेदनशील फिल्मही हाताशी आली. 1930-31 सालच्या ऑस्करमध्ये फॉक्स कंपनीला याच समकालिक प्रोजेक्शनसाठी तांत्रिक पारितोषिक मिळाले.

मग प्रश्न उरला पडद्याचा. सुरुवातीला खरखरीत केलेली काच वापरत. काच जड, फुटण्याची भीती, आणि फार मोठी करता येत नाही. आरकेओ स्टुडिओतल्या सिडनी सॉन्डर्स यांनी सेल्युलोजचा लवचीक, अर्धपारदर्शक पडदा तयार केला आणि 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये तो कामी आला. नायिका फे रे झाडाच्या फांदीवर बसली आहे आणि तिच्यामागे काँग आणि भलामोठा डायनासोर झुंजत आहेत, ते दृश्य आठवा. हातभर उंचीच्या बाहुल्यांची आधी चौकटीगणिक चित्रित केलेली ती झुंज पडद्यामुळे माणसाच्या पाठीमागे घराएवढी होऊन उभी राहिली. या पारभासी पडद्यासाठी सॉन्डर्स यांच्यासह फॉक्स, वॉर्नर ब्रदर्स आणि तिथले फ्रेड जॅकमन यांनाही ऑस्कर देणाऱ्या अकादमीने गौरवले. एकाच शोधासाठी तीन स्टुडिओंची नावे येतात, यावरून ही गरज साऱ्या धंद्याला किती भासत होती ते कळते.

पडदा मोठा झाला आणि नवे दुखणे आले. पडद्याच्या मध्यभागी उजेडाचा गोळा दिसू लागला आणि कडा मंद पडल्या. कारण असे की, प्रोजेक्टरचा किरण पडद्यातून गेल्यावर मुख्यतः सरळच जाऊ पाहतो. मध्यभागचा किरण सरळ कॅमेऱ्यात शिरतो. कोपऱ्यातला किरण मात्र बाहेरच्या दिशेने निघालेला असतो, त्याने कॅमेऱ्याकडे यायचे तर बरेच वळावे लागते. पडदा 6 मीटर रुंद आणि प्रोजेक्टर व कॅमेरा दोन्ही बाजूंनी 6 मीटरवर असतील, तर कडेच्या किरणाला सुमारे 53 अंश वळावे लागते. प्रोजेक्टर पडद्यापासून 15 मीटरवर नेला तर हे वळण 38 अंशांवर येते. म्हणूनच प्रोसेसचे काम करणारे लोक सर्वांत लांबलचक स्टेज मागून घेत आणि प्रोजेक्टरला दूरवर मारा करणारे भिंग लावत. कुणी पडद्यावर मध्यभागी फवारा थोडा दाट मारून घेई, कुणी प्रोजेक्टरच्या वाटेत मध्ये गडद आणि कडेला विरळ असलेली काच ठेवी. पडदा जास्त विखुरणारा केला तर गोळा नाहीसा होतो, पण चित्रही मंद पडते. कमी विखुरणारा केला तर चित्र झळाळते आणि कॅमेरा जरा डावी-उजवीकडे सरकला की गोळाही सरकतो. यातून सुटका नाही. त्या दृश्यात कॅमेरा किती हलणार आहे, ते आधी विचारूनच पडदा निवडावा लागतो.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस म्हणजे पॅरामाउंट स्टुडिओतला फार्सिओ एडुआर्ट. ट्रान्स्परन्सी विभागाची धुरा त्याने दीर्घकाळ वाहिली. रंगीत फिल्म आली तेव्हा त्याच्यासमोरचा प्रश्न एकदम अवघड झाला. तीन पट्ट्यांची टेक्निकलर प्रक्रिया प्रकाशाला कमालीची भुकेली होती. नटांवर धगधगत्या दिव्यांचा मारा करावा लागे, आणि पडद्याने त्या उजेडाला तोंड द्यायचे तर प्रोजेक्टरच्या कार्बन आर्कमधून आणखी प्रकाश काढायला हवा. आर्क वाढवला की उष्णता वाढते आणि समोरची फिल्म करपते. एका फिल्ममधून किती प्रकाश जाऊ शकेल याला ही मर्यादाच होती.

एडुआर्टने मर्यादा ओलांडण्याऐवजी तिला वळसा घातला. त्याने तीन प्रोजेक्टर एकत्र जोडले. मधला सरळ पडद्याकडे पाहतो, उरलेले दोन त्याच्या दोन्ही बाजूंना काटकोनात उभे राहतात आणि आरशांवरून आपले चित्र पडद्यावर पाठवतात. तिघांत एकाच निगेटिव्हवरून काढलेल्या तीन प्रती, तिघांच्या मोटारी एकत्र जखडलेल्या आणि तिन्ही चित्रे पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत बसवलेली. प्रत्येक चौकट फिल्मच्या कडेच्या छिद्रांत बसणाऱ्या खुंट्यांनी अचूक जागी धरली नाही, तर तीन चित्रांची तिहेरी थरथर दिसेल. ही जुळवणी किती बारीक असेल याची कल्पना करा. चौकट फिल्मवर केसाच्या जाडीएवढी हलली तरी मोठ्या पडद्यावर तो हिसका बोटभर व्हावा. 1930 च्या दशकाच्या अखेरीस हे तिहेरी यंत्र नित्य कामात आले.

प्रकाश जवळजवळ तिप्पट झाला, पण या यंत्राने दिलेली दुसरी भेट मला अधिक सुंदर वाटते. फिल्मच्या प्रत्येक प्रतीत चांदीचे वा रंगाचे बारीक कण असतात आणि ते दोन प्रतींत कधीच एकाच जागी नसतात. तीन प्रती एकमेकांवर पडल्या की झाड, रस्ता, माणूस तिन्हींत एकाच जागी असल्याने ते ठळक होतात. कण मात्र वेगवेगळ्या जागी असल्याने एकमेकांना पुसून टाकतात. पुन्हा चित्रित केलेल्या चित्राला येणारा रवाळपणा आपोआप कमी झाला. आज डिजिटल छायाचित्रात ‘नॉइज’ घालवण्यासाठी अनेक चौकटींची सरासरी काढतात, त्यामागचे गणित हेच आहे.

रुंद देखाव्यांसाठी त्याच स्टुडिओने दोन पडदे शेजारी शेजारी लावण्याची रचना केली आणि सांधा खांबाआड, झाडाआड लपवला. 1937 सालासाठी तिला अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

प्लेटची प्रत छापतानाही विचार करावा लागे. चित्राचे पुन्हा चित्र काढले की काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होत जाते, मधल्या छटा हरवतात. म्हणून प्लेटची प्रत मुद्दाम सौम्य, कमी कॉन्ट्रास्टची छापत. नुसती पाहिली तर ती फिकी वाटे. सांडलेल्या उजेडाने ती आणखी फिकी होऊ नये आणि दुसऱ्या चित्रणात कडकही होऊ नये, या दोहोंच्या मध्ये छापणाऱ्याला नेम साधावा लागे. क्षितिजाची उंचीही जमली पाहिजे. प्लेट टिपताना कॅमेरा ज्या उंचीवर आणि कोनात होता, तोच हिशेब स्टुडिओत धरला नाही, तर उजेड कितीही छान जुळला तरी गाडी रस्त्यावर तरंगते.

आता खुद्द स्टुडिओच्या जमिनीवर येऊ. इथे लाइटमनचे काम सुरू होते. पहिली गोष्ट अंतर. नट पडद्यापासून जितका पुढे आणता येईल तितका आणायचा. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, म्हणजे जवळून लावलेला छोटा दिवा नटाला पुरतो आणि पडद्यापर्यंत जाईस्तोवर विरून जातो. लांबून लावलेला मोठा दिवा मात्र नटाला आणि पडद्याला जवळपास सारखाच भिजवतो. म्हणून भडक उजेडाचा आभास हवा असला, तरी दिवे लहान आणि जवळ असावेत. दुसरी गोष्ट दिशा. समोरून सरळ येणारा उजेड पडद्यावरच जाऊन आदळतो. बाजूने आणि वरून, पडद्याला जवळजवळ समांतर जाणारा उजेड नटाला स्पर्श करून चौकटीबाहेर जमिनीवर पडतो. दिव्याला झापांचे बार्न डोअर, पुढे उजेड अडवणारे काळे कटर, आणि मऊ उजेड हवा असेल तर सॉफ्टबॉक्सवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काळी जाळी. ती जाळी नसली, तर मऊ उजेड पाण्यासारखा सगळीकडे पसरतो. जमीन फिकट असेल तर नटाच्या पायाशी पडलेला उजेड उसळून पडद्यावर चढतो. काळी सतरंजी अंथरली की तो तिथेच थांबतो. बाजूच्या पांढऱ्या भिंती आणि चौकटीबाहेर उभ्या सहायकांचे पांढरे शर्टसुद्धा या हिशेबात येतात.

पडद्यामागची खोलीही तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पडदा दोन्ही बाजूंनी प्रकाश आत घेतो. प्रोजेक्टरचा काही प्रकाश पडद्याच्या पाठीवरून मागे उसळतो, भिंतींवर आपटतो आणि धूसर होऊन परत पडद्यावर येतो. ती खोली छतापासून जमिनीपर्यंत काळी असली पाहिजे. ह्यूस्टनच्या ज्या नियंत्रण कक्षातून अपोलो याने चंद्रावर पाठवली गेली, तिथले समोरचे भव्य पडदे याच तंत्रावर चालत. मधला पडदा 20 फूट रुंद आणि 10 फूट उंच होता. त्यामागच्या काळ्या रंगाच्या खोलीला तिथले लोक ‘वटवाघळांची गुहा’ म्हणत. धातूचा मुलामा दिलेल्या काचेवर यंत्राची सुई यानाचा मार्ग कोरत जाई आणि कोरलेल्या रेषेतून निघालेला प्रकाश पडद्यावर उमटे. याच खोलीत आयडोफोर नावाचे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अद्भुत प्रोजेक्टर होते. त्यांत तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनचा झोत चित्राच्या लहरी उठवी आणि वेगळ्या प्रखर दिव्याचा प्रकाश त्या लहरींवरून वळून पडद्याकडे जाई.

आता पडद्याच्या रंगाकडे वळू. पडदा पांढरा असावा असे सहज वाटते. उजळ स्टुडिओत मात्र तो राखाडी, अगदी काळपट असलेला बरा. पडद्याच्या आत असा रंग मिसळला की तो निम्माच प्रकाश आरपार जाऊ देतो. प्रोजेक्टरचे चित्र पडद्यातून एकदाच जाते, म्हणून ते निम्मे होते. समोरून सांडलेला उजेड मात्र आत शिरून परत बाहेर यायचा तर दोनदा गाळला जातो, म्हणून तो चौथाई होतो. आधीच्या उदाहरणात पांढरा भाग 265 वरून सुमारे 132 निटांवर येईल, पण काळा भाग साडेनऊवरून जेमतेम अडीचवर उतरेल. गुणोत्तर 29 वरून साधारण 56 वर जाईल. चित्र मंद झाले आणि तरी सुधारले. पडद्याचा दर्शनी पृष्ठभाग चकचकीत असेल तर मात्र ही सगळी मेहनत वाया जाते. त्या चकाकीतून दिव्याचे प्रतिबिंब थेट कॅमेऱ्यात शिरते.

याच विचाराचे टोक गाठले ते मागून चित्र टाकणाऱ्या मोठ्या टीव्ही संचांनी. त्यांच्या पडद्यात उभ्या भिंगांच्या बारीक पन्हाळ्या असत. प्रत्येक भिंग आपला प्रकाश एका अरुंद फटीत एकवटून बाहेर सोडी आणि दोन फटींमधली सगळी जागा काळी रंगवलेली असे. दर्शनी बाजूचा बराच भाग काळा, तरी आतला बहुतेक प्रकाश बाहेर येतो. त्यामागे फ्रेनेल भिंग बसवून कोपऱ्यातले किरण आधीच प्रेक्षकाकडे वळवले जात, म्हणजे मघाशी सांगितलेला मधला गोळाही मावळला. बातम्यांच्या स्टुडिओत निवेदकामागे रचलेले प्रोजेक्शनचे चौकोनी संच याच कुळातले. तिथे आणखी एक दक्षता लागे. स्टुडिओचे टंगस्टन दिवे 3,200 केल्विनचे, पिवळसर असतात, आणि प्रोजेक्टरचा दिवा त्याहून बराच निळसर. कॅमेरा निवेदकाच्या चेहऱ्याशी जुळवला की मागचे चित्र निळे पडते, म्हणून प्रोजेक्टरचाच रंग बदलून दिव्यांशी जुळवावा लागतो. एकाच चिपचा, रंगांची चकती फिरवणारा प्रोजेक्टर तर कॅमेऱ्यासमोर न आणलेलाच बरा. डोळ्याला अखंड दिसणारे त्याचे रंग कॅमेऱ्याला पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात.

समोरून चित्र टाकण्याचाही एक मार्ग होता. ‘2001: अ स्पेस ओडिसी’ या 1968 च्या चित्रपटात आदिमानवाची पहाट अशीच लंडनजवळच्या स्टुडिओत उगवली. मागे रस्त्यावरच्या फलकांवर असते तसे, प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारे कापड लावले होते. अर्धपारदर्शक आरशामुळे प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच रेषेत आले. स्टुडिओतल्या इतर दिव्यांचा उजेड त्या कापडावर पडला तरी तो आपापल्या दिव्याकडेच परत जाई, म्हणून लख्ख उजेडातही काळा रंग काळाच राही. त्या दृश्यातल्या बिबट्याचे डोळे जळत्या निखाऱ्यासारखे चमकतात, तेही याच कारणाने. प्राण्याच्या डोळ्यांनी प्रोजेक्टरचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवला आणि तो थेट कॅमेऱ्यात उतरला.

आज पडद्याची जागा एलईडीच्या भिंती घेत आहेत. 2019 साली आलेल्या ‘द मँडलोरियन’ मालिकेसाठी 20 फूट उंचीची आणि 75 फूट व्यासाची, 270 अंशांत वळलेली भिंत उभारली गेली. मागच्या अंधाऱ्या खोलीची, लांब स्टेजची, तिहेरी यंत्राची गरज संपली. भिंतीवरचे आभाळ आता नटाच्या चिलखतावर स्वतःच चमकते. तरीही भिंतीचा प्रत्येक फलक मुद्दाम काळा आणि निस्तेज बनवतात, नटावरच्या दिव्यांना जाळ्या लावतात आणि चित्रणाआधी तीच जुनी तपासणी करतात, जी बॅक प्रोजेक्शनच्या पडद्यासमोर करणे केव्हाही शहाणपणाचे होते. मागचे चित्र पूर्ण बंद करायचे, नटांवरचे सगळे दिवे लावायचे, कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून स्पॉट मीटर पडद्याच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर रोखायचा. काहीच दाखवत नसलेल्या त्या पडद्यावर जेवढा उजेड मोजला जातो, त्याहून गडद काळा त्या दिवशीच्या चित्रात उमटणार नसतो. मग कुणीतरी शिडीवर चढतो, एक कटर वीतभर खाली ओढतो, आणि मीटर पुन्हा पडद्याकडे वळतो.